काकडी म्हणजे वडिलांचा भाऊ

टिक्.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. फ्रिजची घरघर नुकतीच थांबली होती, बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसलेल्या सासूबाईंचं वर्तमानपत्र हळूहळू त्यांच्या पोटावर उतरलं होतं, आणि अशा निवांत घरात एवढासा आवाजसुद्धा हातोडा पडल्यासारखा ऐकू येतो. तिने कीबोर्डवरची बोटं उचलली आणि आतल्या खोलीच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे बघत ती श्वास धरून बसली.

आत गुंडी झोपली होती.

चार वर्षांच्या मुलीला झोपवणं हे काम बाहेरून सोपं दिसतं. आधी कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक बोट फिरवायचं, वरून खाली, वरून खाली, आणि घाई अजिबात दाखवायची नाही. घाई मुलांना बोटातून कळते. मग पाठीवर थोपटायचं. मग थोपटणं इतकं हलकं करत न्यायचं की शेवटी हात नुसताच हवेत थोपटत राहतो, आणि चोरपावलांनी बाहेर यायचं. चोराला निदान घरातली कुठली फरशी वाजते ते ठाऊक नसतं. आईला ठाऊक असतं, त्यामुळे तिचा जीव जास्त टांगणीला. हे सगळं पार पडलं की दीड तास मिळतो. दिवसातला तेवढाच तिचा स्वतःचा.

आत काही हललं नाही. ती पडद्याकडे वळली, ‘काकडी’पुढच्या चौकटीत अर्थ लिहू लागली, आणि पान आपणहून खाली सरकलं.

नुसतं सरकलं असतं तरी चाललं असतं. पण त्यापाठोपाठ पुन्हा कुठूनतरी ते ‘टिक्’ आलं, तिचा कर्सर ‘काकडी’तून उडाला आणि चार ओळी खाली ‘कात्री’च्या चौकटीत जाऊन लुकलुकू लागला. तिची बोटं मात्र तोवर ‘हिरवी, लांबट’ लिहून मोकळी झाली होती. त्यामुळे कात्री हिरवी आणि लांबट झाली. ती पुसावी म्हणून तिने वर जायचा प्रयत्न केला, तर पान आणखी खाली गेलं. जणू आत कोणी बसून तिला म्हणत होतं, तू वर ओढ, मी खाली ओढतो, बघू कोण दमतं.

ही गंमत गेले दोन आठवडे चालू होती.

काम होतं लहान मुलांच्या शब्दकोशाचं. गुंडी व्हायच्या आधी ती त्याच प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची, आणि तिथे तिचं नाव ‘भिंग’ पडलं होतं. पलीकडच्या टेबलावर उलट्या पडलेल्या कागदातला हरवलेला अनुस्वार तिला इथून दिसायचा, अशी ख्याती होती. चार वर्षांच्या खंडानंतर संस्थेतल्या संपादकबाईंनी तिला ‘क’ हे अक्षर घरून करायला दिलं होतं. जमलं तर पुढची अक्षरं. नाही जमलं तर ‘क’सुद्धा एका निवृत्त मास्तरांकडे जाणार होतं, ज्यांनी ‘अ’ ते ‘औ’ एका बोटाने टाइप करून, एकही चूक न करता, मुदतीच्या आठ दिवस आधी दिले होते. या मास्तरांना तिने कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांचं ते एक बोट तिच्या स्वप्नात यायचं.

कोशासाठी संस्थेने खास सॉफ्टवेअर बनवून घेतलं होतं. शब्दाला एक ओळ; ओळीत अर्थाची चौकट, उदाहरणाची चौकट. आणि लिहिलेलं आपोआप जतन व्हायचं. बनवणाऱ्यांना या गोष्टीचा फार अभिमान होता. चांगलं लिहिलेलं हरवू नये म्हणून केलेली ही सोय वाईट लिहिलेलंही तितक्याच मायेने सांभाळते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

पहिले शंभर शब्द गेले आणि संपादकबाईंचं उत्तर आलं. त्यांनी काही नोंदी जशाच्या तशा उतरवून पाठवल्या होत्या.

काकडी: वडिलांचा भाऊ.

काका: बाहेरून हिरवा, आतून पाणीदार. कापून, मीठ लावून खातात.

केस: साल काढून खावेत. पिकल्यावर जास्त गोड लागतात.

कायदा: काळ्या रंगाचा, कर्कश ओरडणारा, दुसऱ्याचं पळवून खाणारा.

या शेवटच्या नोंदीपुढे बाईंनी लिहिलं होतं, “हे अगदीच चूक म्हणता येत नाही, पण मुलांच्या कोशात नको.” आणि सगळ्यात खाली: “पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत स्वच्छ ‘क’ हवा. तुला झेपत नसेल तर तसं कळव. घरात लहान मूल आहे, मी समजू शकते.”

चुका दाखवल्या असत्या तर तिला काही वाटलं नसतं. पण ‘मी समजू शकते’ हे तिच्या मनाला फार लागलं. भिंगाला कोणी चष्म्याचा नंबर विचारावा तसं झालं.

आता घरात यंत्र बिघडलं की घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. गुंडीच्या बाबाने तिचं काम सुरू झालं त्याच दिवशी तिला नवाकोरा, वायरवाला माऊस आणून दिला होता, आणि त्यानंतर घरात संगणकाचं काहीही झालं तरी तो त्या माऊसच्या बाजूने बोलायचा. जुना बिनवायरचा होता, त्याचं बटण अडकायचं, मीच तो काढून टाकला, आता नवीन आहे म्हणजे माऊसचा प्रश्नच येत नाही, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की जणू तो माऊस त्याच्या बहिणीचा मुलगा होता. त्याचं निदान असं होतं की ती फार जोरात टाइप करते.

शेजारच्या घरात एक काका राहायचे. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं आणि जगातली कुठलीही अडचण ते क्लच, ब्रेक आणि उतार या तिन्हींत बसवू शकत. म्हणून सगळे त्यांना क्लचकाका म्हणत. त्यांना ही भानगड जिन्यात कळली. ते सपाता घालूनच आत आले, संगणक बंद असतानाच त्यांनी त्याच्याकडे पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, पान नेहमी खालीच जातं का? ती म्हणाली, बहुतेक खालीच.

“मग उतार आहे,” काका म्हणाले.

तिने अदबीने सांगून पाहिलं की पडद्यावरच्या पानाला टेबलाचा उतार लागत नसतो. काकांनी तिच्याकडे नवशिक्या चालकाकडे बघतात तसं बघितलं. त्यांनी बशीत पाणी घेऊन टेबलावर ठेवलं. पाणी खरंच एका बाजूला झुकलेलं निघालं. मग काय, काकांनी पुठ्ठ्याच्या घड्या करून टेबलाच्या दोन पायांखाली घातल्या, पुन्हा पाणी बघितलं, पुन्हा घड्या घातल्या, आणि तासाभरात टेबल सरळ झालं पण बशी कीबोर्डवर पालथी झाली. संगणकाच्या मागच्या वायरींना मात्र कोणी हात लावायचा नाही, असं जाताना त्यांनी बजावलं. चालू गाडीचं बॉनेट उघडू नये. हा सल्ला मात्र दुर्दैवाने घरातल्या सगळ्यांनी पाळला.

कीबोर्ड दोन दिवस उन्हात वाळला. त्या दोन दिवसांत तिने सॉफ्टवेअरच्या मदतकक्षाला फोन लावला.

मदतकक्षातल्या मुलीचा आवाज इतका मऊ होता की तिच्याकडे तक्रार करताना स्वतःचीच लाज वाटावी. बंद करून चालू केलं का? केलं. दुसरा ब्राउझर वापरला का? वापरला. मग पान सरकताना त्याचा फोटो काढून पाठवा. तिने तीन फोटो काढले. तिन्हींत पान अगदी स्थिर आलं होतं. सरकणाऱ्या वस्तूचा फोटो स्थिरच येतो, हे ती सांगू लागली तेव्हा पलीकडून उत्तर आलं की तशी रीतसर तक्रार भरा, अर्ज सॉफ्टवेअरमध्येच आहे.

अर्ज तिने दुपारी दोननंतर भरायला घेतला. “पान आपोआप सरकतं व कर्सर दुसऱ्या चौकटीत जातो” एवढं लिहीपर्यंत अर्ज आपोआप सरकला आणि कर्सर दुसऱ्या चौकटीत गेला. तिसऱ्या प्रयत्नात तिने वाक्य पूर्ण केलं, पण त्याच क्षणी ‘टिक्’ झालं आणि खालच्या पाच चांदण्यांपैकी पाचवी चांदणी दाबली जाऊन अर्ज रवाना झाला. दुसऱ्या दिवशी तिला आभाराचं पत्र आलं. तुमच्यासारख्या समाधानी वापरकर्त्यांमुळेच आम्हाला उभारी येते, असं त्यात म्हटलं होतं.

पत्र घेऊन ती संपादकबाईंना फोन करणार होती. मग वाटलं, नको. पाच चांदण्या देणाऱ्या बाईने रडायचं कुठल्या तोंडाने?

शेवटचा आठवडा उजाडला. सोमवारी दुपारी ती पुन्हा हात कपाळाला लावून बसलेली सासूबाईंनी पाहिली. सासूबाई एका मोठ्या दवाखान्यात वॉर्डच्या सिस्टर होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी घरात कोणी दोनदा खोकलं तर त्या नाडी बघायच्या. आजवर या प्रकरणात त्यांनी एक शब्द काढला नव्हता, कारण बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या वॉर्डात जायचं नाही असा त्यांचा नियम होता.

“आई, आता तुम्हीच बघा,” ती म्हणाली.

“बघायचं नाही. आधी लिहायचं,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही सगळे औषध देत सुटलाय. रोग्याचा तक्ता कुठाय?”

त्यांनी स्वतःच्या हाताने रेघा मारून तक्ता बनवला. दिवस, वेळ, लक्षण, किती वेळ टिकलं, रुग्णाची सर्वसाधारण स्थिती. तक्त्याला भोक पाडून तो सुतळीने टेबलाच्या पायाला बांधला, जसा खाटेच्या पायथ्याशी असतो. नुसतं पान सरकलं तर ‘स’, कर्सर उडाला तर ‘उ’. सर्वसाधारण स्थितीच्या रकान्यात तिने सोमवारी ‘रडू येतंय’ असं लिहिलं. सासूबाईंनी ते खोडून ‘रुग्णाची’ या शब्दाखाली रेघ मारली.

बुधवारी सकाळी दहा वाजता संस्थेने धाडलेला तंत्रज्ञ आला. आणि संगणक, तपासनीस आल्यावर वर्गातली वांड पोरं जशी हाताची घडी घालून बसतात तसा बसला. पान हलेना, कर्सर उडेना. तिने स्वतः टाइप करून दाखवलं, हळू केलं, जोरात केलं, अगदी टेबलाला धक्काही मारून पाहिला. तंत्रज्ञाने मागे वाकून बघितलं, सगळं जागच्या जागी आहे म्हणाला, पायाखालच्या पुठ्ठ्यांकडे आणि सुतळीला टांगलेल्या तक्त्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि अहवालात लिहिलं: ‘यंत्र निर्दोष. वापरणाऱ्या व्यक्तीस विश्रांतीची गरज.’

त्या दिवशी दुपारीही काही झालं नाही. गुंडीला तिची आत्या दिवसभरासाठी घेऊन गेली होती, घर निवांत होतं, आणि तिने सलग तीन तासांत ‘काकडी’पासून ‘किल्ली’पर्यंत मजल मारली. तंत्रज्ञाच्या हाताला गुण आहे असं म्हणून तिने मनातल्या मनात त्याला माफही केलं. संध्याकाळी गुंडी आली आणि नेहमीप्रमाणे मांडीवर बसून तिने शब्द विचारला. हा त्यांचा खेळ होता: गुंडीने कुठलाही शब्द विचारायचा आणि आईने तो गुंडीला कळेल असा सांगायचा. ‘विश्रांती’ म्हणजे काय, ‘पोकळ’ म्हणजे काय, ‘कंटाळा’ म्हणजे काय. दोन वर्षांत ती एकदाही अडली नव्हती.

गुरुवारी दुपारी दोन वाजून आठ मिनिटांनी ‘कुंभार’ शेपूट हलवू लागला.

मुदतीला सत्तावीस तास उरले होते. तिने हुंदका गिळून तक्त्यात वेळ लिहिली, तसा सासूबाईंनी तक्ता सोडवून हातात घेतला, आणि चष्मा कपाळावर चढवून वाचला. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वॉर्डात एका रोग्याला रोज संध्याकाळी पाच वाजता ताप चढायचा. सकाळी नाही, रात्री नाही. डॉक्टर दमले, औषधं बदलून झाली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तापमापकाकडे बघायचं सोडून भेटायला येणाऱ्यांकडे बघितलं. रोग्याची बायको पाचच्या ठोक्याला थर्मासमधून कढत चहा पाजायची, आणि लगेच मागून सिस्टर तोंडात तापमापक ठेवायची.

“ठरल्या वेळेला येणारा ताप रोग्याच्या अंगात नसतो गं,” त्या म्हणाल्या. “हे बघ. रोज दोननंतर येतो, अडीच-पावणेतीनला उतरतो. सकाळी नाही, रात्री नाही. आणि बुधवारी दुपारी आलाच नाही. बुधवारी घरात कोण नव्हतं?”

दोघींनी एकदमच आतल्या दाराकडे बघितलं.

पुढची आखणी सासूबाईंनी केली. त्या पडद्यासमोर बसल्या, हात मांडीवर, कशालाही न शिवता. पान सरकलं की एक बोट वर करायचं, कर्सर उडाला की दोन. ती अनवाणी, न वाजणाऱ्या फरश्यांवरून, दारापर्यंत गेली आणि फटीतून आत बघू लागली.

गुंडी भिंतीकडे तोंड करून निजली होती. रोज दारातून डोकावल्यावर दिसायची तशीच, पाठमोरी, शहाण्यासारखी. पण आज तिने डोकावून परत न फिरता तिथेच थांबून बघितलं, आणि तिला गुंडीच्या पांघरुणाखालून भिंतीवर पडलेला एक लालसर उजेड दिसला. ती आणखी थोडी वाकली. गुंडीच्या कुशीत तिच्याच तान्हेपणीचा लोकरी मोजा होता. मोज्यातून एक करडं डोकं बाहेर आलं होतं. बाबाने काढून टाकलेला, बटण अडकणारा, बिनवायरचा माऊस.

गुंडीने त्याच्या कपाळाच्या मध्यावर, म्हणजे दोन बटणांमधल्या चाकावर, एक बोट ठेवलं आणि ते सावकाश नाकाच्या शेंड्याकडे ओढलं. वरून खाली. वरून खाली. घाई अजिबात न दाखवता.

बाहेर सासूबाईंचं बोट वर झालं. आणि वरच राहिलं.

मग गुंडीने मोजा जरा हलवला आणि थोपटायला सुरुवात केली. टिक्. सासूबाईंची दोन बोटं वर झाली.

“झोप बघू आता,” गुंडी कुजबुजली. “शहाणं बाळ ना ते. मला ढीगभर कामं पडलीयेत.”

आवाज हुबेहूब तिचा होता. तो शेवटचा, दात न दिसता चावलेला शब्दसुद्धा. आपण असं बोलतो हे तिला ठाऊक नव्हतं. भिंगाला सगळं दिसतं, भिंग तेवढं दिसत नाही. तिला हसू फुटत होतं, म्हणून ती दाराच्या चौकटीला धरून तशीच उभी राहिली.

जुन्या माऊसचे इशारे पकडणारी नखाएवढी खुंटी अजून संगणकाच्या मागे खोचलेली होती. धुळीचा टोप घालून ती इतके दिवस तिथे बसली होती. तिने ती उपटून काढली आणि गुंडीच्या बाबाला फोन लावला. त्याने विचारलं, ती काढायची असते होय? पुढे वर्षभर, घरात कुठलाही वाद झाला की, तिने फक्त करंगळीचं नख दाखवायचं आणि वाद जिंकायचा, असं ठरून गेलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ‘क’ गेलं. काका वडिलांचे भाऊ झाले, कुंभाराने शेपूट टाकून चाक हाती घेतलं. पाच वाजता संपादकबाईंचं उत्तर आलं. “काकडी आता काकडी आहे. सोमवारपासून ‘ख’ घे. भिंग परत आलं म्हणायचं. (कायद्याची जुनी नोंद मी माझ्यासाठी कापून ठेवली आहे.)” क्लचकाकांनी ही बातमी ऐकून टेबलाच्या पायाखालचे पुठ्ठे अभिमानाने बुटाने चाचपले. उतार काढला नसता तर खुंटी सापडली नसती, असं ते अजून सांगतात.

सोमवारी दुपारी ती गुंडीला घेऊन आडवी झाली. मोज्यातलं बाळ मध्ये होतं. ते तिने काढून घेतलं नव्हतं. खुंटीशिवाय ते आता कोणाच्या कोशात लुडबुड करू शकत नव्हतं. गुंडीची तक्रार होती की ते मुळी झोपतच नाही, कितीही थोपटलं तरी त्याच्या पोटातला दिवा चालूच.

“तू हात लावतेस ना, म्हणून ते जागं राहतं,” ती म्हणाली. “नुसतं जवळ राहून बघ.”

गुंडीने हात मागे घेतला. दोघी पालथ्या पडून, हनुवटीखाली मुठी घेऊन बघत राहिल्या. मोज्याच्या लोकरीतून झिरपणारा लाल उजेड थोडा वेळ तसाच राहिला, मग मंद झाला, आणि विझला. गुंडीने आनंदाने तोंडावर हात दाबून धरला. मग ती आवाज न करता उठून बसली, हळूच एक पाय खाटेवरून खाली टाकला, आणि थांबली. वळून झोपलेल्या बाळाकडे बघितलं. पाय पुन्हा वर घेतला.

“काय गं, काम नाही का तुला?” तिने हलकेच विचारलं.

“आहे,” गुंडी म्हणाली. “पण आता ते एकटंच आहे.”

बाहेर घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. टेबलावर ‘ख’ उघडून ठेवलेलं होतं. तिने गुंडीला जवळ ओढलं आणि कपाळाच्या मध्यावर बोट ठेवलं. वरून खाली. वरून खाली. गुंडीचे डोळे मिटत आले, आणि पूर्ण मिटायच्या आधी एकदा उघडले.

“आई, मी झोपले की तुला बरं वाटतं का गं?”